भाऊ, थांबा, ताईंना बोलू द्या

आपल्या वाशीम जिल्ह्याला बाईनं निवडणूक जिंकणं नवं नाही. भावना गवळी १९९९ पासून सलग पाच वेळा इथून खासदार झाल्या. २०२४ मध्ये कारंजातून सई डहाके आमदार झाल्या. २०११ पासून ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. तरी प्रचाराची गाडी गल्लीत आली की जरा कान देऊन ऐका.

पुरुष उमेदवार म्हणतो, "मी रस्ता आणला, मी निधी खेचून आणला." बाई उमेदवार बहुतेकदा म्हणते, "आपल्या आशीर्वादानं, साहेबांच्या मार्गदर्शनाखाली काम झालं." केलं कोणी, ते वाक्यात सापडतच नाही. तो भूमिपुत्र, वाघ. ती तुमची लेक, बहीण, वहिनी आणि शेवटी पदर पसरणारी. 'तुमचा भाऊ' तोही म्हणतो, नाही असं नाही. पण त्याच्या 'श्री.'वरून लग्न झालंय की नाही ते कळत नाही. तिच्या नावाआधी 'सौ.' ठळक आणि शेजारी नवऱ्याचा फोटो. (कोल्हापूरकडे बाया सर्रास 'मी करतो' म्हणतात. बॅनरवर त्यांचीही 'सौ.' सुटत नाही!)

यात दोष तिचा एकटीचा नाही. नरमाईनं बोलली तर 'हिला काय जमणार', आवाज चढवला तर 'लई तोंडाळ आहे', असं पारावर बसून म्हणणारे आपणच. मग ती दोन्हींच्या मधलं, कुणाला न टोचणारं बोलायला शिकते.

म्हणून यंदा एवढं करा. ती दारात आली की कुंकवाचं बोट लावून मोकळे होऊ नका. विचारा, पैनगंगेवरच्या बॅरेजचं पाणी आमच्या वावरात कसं आणणार? सोयाबीनच्या भावाचं काय? बाजूचा गडी उत्तर द्यायला लागला तर म्हणा, "भाऊ, थांबा, ताईंना बोलू द्या." ती अडखळेल. अडखळू द्या, पहिल्या सभेत पुरुषांचीही ततपप होते. आणि अंगणवाडी, बाळंतपणाची सोय, हंड्यासाठीची पायपीट हे प्रश्न पुरुष उमेदवाराला विचारा. 'ते बायकांचं' म्हणाला, तर त्याचंही उत्तर मिळालंच.

ती निवडून आल्यावर प्रचारपत्रकावरचा फोन लावाल, तो बहुधा नवरा उचलेल. "ताईंशीच बोलायचंय" म्हणा, आणि ताई येईस्तोवर फोन ठेवू नका.