पाहण्याचे पैसे द्या, पार्ट वाचतील

राजेहो, वेचणी सुरू झाली. आता महिनाभरात पिकअपवाले, बोलेरोवाले, जुन्या जीपवाले एकच तक्रार घेऊन मिस्त्रीकडे जातील. क्लच सोडला की खालून 'खट्' वाजते. दरवर्षीचं आहे. पावसाळाभर गाडी पांदणीच्या चिखलातून आणि नाल्याच्या पाण्यातून चाललेली असते. दिवाळी झाली की त्याच गाडीवर कापूस भरून आपण जिनिंगला निघतो. आवाज तेव्हा नाही येणार तर कधी?

माझं म्हणणं साधं आहे. आवाज ऐकून पार्ट बदलायचा नसतो, आवाजाची जागा शोधायची असते. आणि जागा शोधून देणाऱ्या मिस्त्रीला त्या शोधण्याचे वेगळे पैसे द्यायला पाह्यजेत. हे दुसरं वाक्य काही भावांना रुचणार नाही, पण सगळी गोम तिथंच आहे.

आपण काय म्हणतो? "नुसतं पाह्यलं त्याचे कशाचे पैसे?" मंग मिस्त्री अर्धा तास गाडीखाली चिखलात काहून झोपेल? त्याची कमाई पार्टात आणि पार्ट बसवण्याच्या मजुरीत. तो उभ्या उभ्या अंदाज सांगतो आणि आपण डबा पाहून पैसे मोजतो. अंदाज चुकला तर पुढचा डबा. मिस्त्री लबाड असतो असं मी म्हणत नाही. आपणच त्याला पाहण्याचं काम फुकट करायला लावतो, म्हणून तो पाहत नाही.

मागच्या हंगामात आमच्या पिकअपला असंच झालं. शहरातल्या एका गॅरेजात गाडी हलवून न पाहताच सांगितलं, गिअरबॉक्स खोलावा लागेल. वेचणीचे मजूर वावरात आणि गाडी चार दिवस गॅरेजात, हे परवडणारं नव्हतं. मी तिथंच चाकाला गोटे लावून खाली गेलो. मागच्या क्रॉसच्या एका कपाभोवती तांबूस भुकटी दिसली, हळद-कुंकवाच्या मधल्या रंगाची. तो गंज होता. क्रॉस बदलला, आवाज गेला. क्रॉस काही शेकड्यांत येतो, गिअरबॉक्स खोलला की गोष्ट हजारांत जाते.

क्रॉस म्हणजे काय हे ज्याच्याकडे रोटाव्हेटर आहे त्याला सांगायची गरज नाही. ट्रॅक्टरच्या पीटीओपासून रोटाव्हेटरपर्यंत जो शाफ्ट जातो, त्याच्या दोन्ही टोकांना जे चार बोटांचं अधिकाचं चिन्ह असते तेच हे. चार बोटांवर चार कप, कपात बारीक सुयांसारख्या बेअरिंग. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत तसाच शाफ्ट असतो. लांब गाडीत तो दोन तुकड्यांचा, मधात रबरातली सेंटर बेअरिंग. गंमत पाहा, रोटाव्हेटरच्या क्रॉसला आपण रोज ग्रीस मारतो आणि गाडीच्या क्रॉसला वर्षभर हात लावत नाही. नाल्याचं पाणी आत गेलं की ग्रीस धुतलं जाते, सुया गंजतात, बोट झिजते. मंग क्लच सोडला की मधली ढिली जागा एकदम भरते आणि 'खट्' वाजते.

पण प्रत्येक 'खट्' क्रॉसचा नसतो, म्हणून तर शोधायचं. आवाज केव्हा येतो हे मालकालाच माहीत असते, मिस्त्रीला नाही. ते नीट सांगता आलं की अर्धं काम झालं. क्लच सोडताना किंवा रेस सोडून पुन्हा देताना एकच ठोका पडतो का? मंग शाफ्टच्या ओळीत पाहा: क्रॉस, शाफ्ट मागंपुढं सरकतो ते दातेरी तोंड, फ्लँजचे बोल्ट, मागच्या एक्सलमधला डिफरेन्शियल. गाडी थांबता थांबता आणि निघताना ठोका पडत असेल तर बऱ्याच वेळा ते दातेरी तोंड कोरडं झालेलं असते, तिथं ग्रीस गेलं तरी फरक पडतो. हळू चालताना 'चिक चिक' येते आणि गाडीच्या चालीबराबर वाढते, तर कोरडा क्रॉस. रेसशी संबंध नाही, फक्त खड्ड्यात वाजते, तर शाफ्ट सोडा, शॉकअप, बुश आणि पाटे पाहा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या कारमध्ये वळण घेताना 'कट कट कट' येत असेल तर चाकाजवळच्या जॉइंटचं रबर फाटून ग्रीस उडालं असेल.

पाट्यांचे यू-बोल्ट ढिले असले तरी क्लच सोडताना ठोका येतो, कारण एक्सलच जागेवर हलते. ओव्हरलोड कापूस, सोयाबीन वाहणाऱ्या गाड्यांत हे आधी पाहावं. त्याला पार्ट लागत नाही, पाना लागतो.

तपासणी अशी करावी. सपाट जागा, इंजिन बंद, चावी आपल्या खिशात, चाकांना दोन्हीकडून गोटे, सायलेन्सर थंड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये, काम दोन मिनिटांचं असलं तरी. गिअर न्यूट्रल करून क्रॉसच्या अलीकडचा भाग एका हातात आणि पलीकडचा दुसऱ्या हातात धरावा, उलट दिशेला पिळावा, मंग वरखाली हलवावा. पूर्ण शाफ्ट थोडा फिरला तर घाबरू नका, गिअरच्या दात्यांत तेवढी जागा असतेच. पण क्रॉसच्या दोन बाजू एकमेकींपासून वेगळ्या हलल्या तर क्रॉस गेला. तिथं काहीच सापडलं नाही तर इंजिन-गिअरबॉक्सखालचे माउंटिंग रबर पाहावे. रबर फाटलं असलं की क्लच सोडताना इंजिन उडी मारते. आणि काळ्या मातीचा चिखल शाफ्टवर, रिममध्ये वाळून बसला असेल तर सगळ्यात आधी धुऊन काढा. गाडी थरथरते म्हणून आलेली तक्रार कधीकधी पाण्याच्या पाइपानेच मिटते.

आता कृषी सहायक आणि कृषी केंद्रवाले भाऊ म्हणतील, हे आमच्या काय कामाचं? कामाचं आहे. पऱ्हाटीवर लाल्या दिसला की आपण केंद्रावर जातो आणि विचारतो, "लाल्यावर काय मारू?" लाल्या हे लक्षण आहे. मॅग्नेशियम कमी पडलं तरी पान लाल होते, तुडतुड्यांनी रस शोषला तरी होते, पाणी साचून किंवा ताण पडून होते, रात्रीचा गारवा वाढला तरी होते. वावरात येऊन पान उलटून पाहणाऱ्याला आपण चहा पाजतो, पैसे देत नाही. पैसे बाटलीला देतो. मंग बाटलीच मिळणार.

याच्यावर उत्तर ठरलेलं आहे, "पैसे घेऊनही नीट पाह्यलं नाही तर?" बराबर आहे. म्हणून जुना पार्ट मागून घ्यावा आणि दोष कुठे होता ते हातात धरून दाखवायला लावावं. ज्यानं खरंच शोधलं त्याला दाखवायला मिनिट लागत नाही.

ढिल्या क्रॉसवर 'इतका हंगाम निघून जाऊ दे' म्हणून गाडी चालवू नका. भरल्या गाडीत तो तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक खाली पडलं तर ते रस्त्यात रुतू शकते. आपल्याकडे कापसाच्या गाडीवर वर माणसंही बसलेली असतात, हे ध्यानात ठेवा.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खडूनं नाही, छिन्नीनं खूण करायला सांगा. खडू डिझेलनं पुसला जातो आणि शाफ्ट फिरवून बसला तर आवाज जाऊन थरथर येते. नवीन क्रॉस घेताना ग्रीस निपलवाला मागा, आणि बसवताना निपलचं तोंड अशा बाजूला ठेवायला लावा की ग्रीसगन तिथं पोचेल.