विकासाचा हिशेब आणि एक शब्द

परवा रात्री माझी नववीतली मुलगी मोठ्याने धडा वाचत होती. शाश्वत विकास म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास. खाटेवर पडलेले माझे वडील म्हणाले, "आमच्या गिरणीच्या जागी टॉवर झाला. तो कुठल्या पिढीच्या गरजेचा गं?" पोरगी गप्प झाली. मीही.

ही व्याख्या १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने केली. २०१५ मध्ये जगातल्या देशांनी २०३० पर्यंतची १७ उद्दिष्टे मान्य केली. त्यांतले अकरावे शहरांचे आहे. सर्वांना परवडणारे घर आणि सर्वांसाठी मोकळी जागा. हे मोठ्या परिषदांचे विषय आहेत असे आपल्याला वाटते. पण वाचकहो, हाच वाद आपल्या परळ-लालबागमध्ये झाला आणि त्याचा निकालही लागला.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडू लागल्या. जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमाने तिची साधारण तीन वाट्यांत विभागणी ठरली. एक वाटा महापालिकेला मैदान-बागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी 'मोकळ्या' जमिनीचीच करायची, बांधकामाखालची जमीन धरायची नाही.

मी कारकून माणूस, आकडे मांडून पाहतो. समजा, गिरणी १२ एकरांची आहे आणि ९ एकरांवर शेड आहेत. जुन्या नियमाने मैदानाला ४ एकर, घरांना ४ एकर. नव्या नियमाने १ आणि १. एका शब्दाने सहा एकर गेले! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनतेच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, तेव्हा घरे सात हजारांच्याही आत होती आणि अर्ज लाखाच्या वर.

वाट्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना तिथे घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. कामगारांचे भले होणार, पण त्यात आमचा वाटा किती, हाच त्यांचा सवाल होता.

तोच सवाल आज चाळीत विचारायचा आहे. गेल्या महिन्यात आमच्या चाळीच्या सभेत पुनर्विकासाच्या संमतीचा कागद फिरला. "आधी सही करा, मसुदा नंतर देऊ." मी सही केली नाही, मसुदा मागितला. चारजण रागावले. म्हणाले, "तुमच्यामुळे काम अडेल." रागावू देत. लिफ्ट आणि पंपाचा दरमहाचा खर्च कोण भरणार? मुलांना खेळायला जागा किती? भाडेकरूच्या विधवेचे नाव यादीत आहे का? याची उत्तरे तोंडी नकोत, कागदावर हवीत.

आता मसुदा आला आहे. रविवारी मुलगी तो आजोबांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकायला बोलावले आहे. तुमच्याही घरात शिकलेले एक लेकरू आहेच. त्याच्याकडून तुमचा कागद वाचून घ्या, मगच पेन उचला.