घाईची दाढी

सोमवार सकाळ. नऊला क्लायंट मीटिंग आणि घड्याळात आठ वाजून गेलेले. एकीकडे मोबाइल वाजतोय, दुसरीकडे दाढी. चार मिनिटांत उरकली आणि पळालो! मीटिंगमध्ये लक्षात आलं, क्लायंट माझ्या स्लाइड्सकडे नाही, कॉलरवरच्या लाल ठिपक्याकडे बघतोय.

मानेवरचं पुरळ तर नेहमीचंच. म्हटलं, महागडं पाच पात्यांचं कार्ट्रिज घेऊ. पुरळ वाढलं! कारण सोपं आहे, बॉस. पुढचं पातं केस किंचित ओढतं, मागचं तो त्वचेच्याही खाली कापतं. राठ, कुरळा केस वाढताना आतल्या आत वळतो, की उठलीच पुटकुळी.

शेवटी बाबांनी कपाटातून त्यांचा सेफ्टी रेझर काढला. ‘घे तुला. माझा हात थरथरतो आता.’

एक पातं, दोन धारा. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाला 1904 मध्ये अशा रेझरचं पेटंट मिळालं, तेव्हापासून कल्पना तीच आहे. या रेझरचा नियमही एकच: जोर लावलात की कापलंच!

तेव्हा आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने दाढी भिजवा. अंघोळीनंतर केलीत तर बेस्ट. भिजला की केस मऊ पडतो. ब्रशने दाट फेस करा. रेझर त्वचेशी साधारण 30 अंशांत धरा आणि छोटे छोटे हात मारा, केस वाढतात त्या दिशेने. मानेवर ही दिशा जागोजागी बदलते, आधी बोट फिरवून बघा. आणि पात्याची कंजुषी नको. स्टील केसापेक्षा 50 पट कठीण, तरी केस त्याचे टवके उडवतो, असं एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं. पातं ओढायला लागलं की बदला.

आता आफ्टरशेव्ह. ‘झोंबलं म्हणजे लागू पडलं’ हा निव्वळ गैरसमज! अल्कोहोलमुळे त्वचेतल्या उष्णता ओळखणाऱ्या नसा इतक्या हळव्या होतात, की अंगाची नेहमीची ऊबही भाजल्यासारखी वाटते. वर त्वचा कोरडी पडते ती वेगळीच. त्यापेक्षा गार पाणी मारा, मग ग्लिसरीन किंवा कोरफड असलेलं अल्कोहोल-फ्री आफ्टरशेव्ह लावा. कापलंच, तर ओला तुरटीचा खडा आहेच. चुरचुरतो, पण रक्त थांबवतो.

हे सगळं करायला मला बारा मिनिटं लागतात. अलार्म तेवढाच आधी लावतो. मान आता स्वच्छ आहे.

रविवारी मात्र अर्धा तास. आधी माझी दाढी, मग नवं पातं लावून बाबांची. खुर्चीत मान वर करून ते डोळे मिटतात आणि दर वेळी एकच सूचना देतात, ‘घाई करू नकोस रे.’

करत नाही.