गंज लोखंडावर की शिक्क्यावर?

खंडेनवमीला घराघरांतील शस्त्रे आणि अवजारे बाहेर काढली जातात. ती पुसली जातात, त्यांना तेलपाणी होते आणि मगच त्यांच्यावर हळदकुंकू वाहिले जाते. आधी निगा आणि मग पूजा, हा या परंपरेतील क्रम आहे. ज्या समाजाने शस्त्राला देवत्व दिले, त्यानेच त्याची निगा हा पूजेचा पहिला विधी ठरवला. म्हणूनच कारखान्यातून आलेल्या नव्याकोऱ्या शस्त्राच्या नळीत तांबूस ठिपके दिसावेत, ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

परवानाधारकांच्या वर्तुळात ही तक्रार जुनी आहे. पेटी उघडावी तो नळीच्या तोंडाशी गंज, स्क्रूच्या खाचेत लालसर भुकटी, कडा खडबडीत आणि मुलामा कुठे गडद तर कुठे फिका! सामान्य नागरिकाला पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर सहजासहजी मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार अर्ज, पोलीस चौकशी आणि दीर्घ प्रतीक्षा यांनंतर परवाना हाती येतो. किंमतही मोठी. २०१४ साली कानपूरच्या सरकारी आयुधनिर्माणीने ‘निर्भीक’ हे खास महिलांसाठी म्हणून हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात होती. एवढे सोपस्कार आणि एवढा पैसा यांच्या बदल्यात ग्राहकाची अपेक्षा एकच असते, की प्राणावर बेतेल त्या क्षणी हे यंत्र दगा देणार नाही.

नव्या शस्त्राला गंज चढतो कसा? लोखंड, प्राणवायू आणि ओलावा एकत्र आले की गंज धरतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शस्त्राच्या पोलादावर जो निळसर-काळा मुलामा दिसतो, तो रंग नव्हे. उकळत्या क्षारांच्या द्रावणात पोलाद बुडवून त्याच्या पृष्ठभागावर आणलेला तो ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो. तो स्वतः फारसे संरक्षण करीत नाही, तेल धरून ठेवतो एवढेच. बुडवणीनंतर सुटे भाग नीट धुतले गेले नाहीत, तर सांध्यांत आणि खाचांत अडकलेले क्षार पुढे आठवडेच्या आठवडे झिरपत राहतात आणि तिथेच गंज धरतो. जोडणी करणाऱ्याच्या घामट बोटांचे ठसे पुसायचे राहिले, संरक्षक तेलाचा हात कमी पडला, ओलसर हवेत प्लॅस्टिकची पिशवी बंद झाली, तरी परिणाम तोच. त्यात भंडाऱ्यासारखा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा असेल, तर विक्रेत्याच्या कपाटात काढलेला एक पावसाळाही पुरेसा ठरतो. यातील एकाही दोषावर उपाय म्हणून परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. स्वच्छ पाणी, कोरडे फडके, पुरेसे तेल आणि ‘हे अजून झालेले नाही’ असे म्हणणारा एक माणूस लागतो.

नेमका हा माणूसच दुर्मिळ झाला आहे. विक्रीस जाणाऱ्या प्रत्येक शस्त्राची नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून चाचणी होते आणि त्यावर शिक्का उमटतो. नळी फुटणार नाही, एवढीच ग्वाही तो शिक्का देतो. नळीत खड्डा आहे का, चाप अडखळतो का, तेल लावले आहे का, हे पाहण्यासाठी डोळे लागतात. गंजलेले नवे शस्त्र ग्राहकाच्या हाती पडते, तेव्हा निर्मिती, तपासणी, बांधणी आणि विक्री या चारही पायऱ्यांवर कोणी तरी न पाहता सही केलेली असते. गंज लोखंडावर दिसतो खरा, पण तो आधी शिक्क्याला चढलेला असतो.

याचे एक कारण व्यवस्थेतच दडले आहे. १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांची खासगी आयात बंद झाल्यापासून नागरिकाला नवे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवे असेल, तर दीर्घकाळ सरकारी आयुधनिर्माणीखेरीज पर्यायच नव्हता. गिऱ्हाईक परत जाण्याची भीती नसली, की मालाकडे पाहण्याची सवय सुटते. लष्करासाठी होणाऱ्या उत्पादनातही आयुधनिर्माणी आणि गुणवत्ता तपासणारे महासंचालनालय दोन्ही संरक्षण उत्पादन विभागाच्याच छत्राखाली होती. परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच घरचे असले, की निकाल काय लागणार?

रिव्हॉल्व्हरवरील ठिपका कानशीने घासता येतो. तीच वृत्ती रणांगणावर पोहोचली की तिची किंमत रक्ताने मोजावी लागते. १९९९ च्या कारगिल युद्धात स्वदेशी ‘इन्सास’ रायफलींची प्लॅस्टिकची मॅगझिन कडाक्याच्या थंडीत तडकल्याच्या तक्रारी जवानांनी केल्या होत्या. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात अग्नितांडव झाले, अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्रवणाऱ्या स्फोटकाची चर्चा त्यानंतर दीर्घकाळ चालली. सप्टेंबर २०२० मध्ये लष्कराचा एक अंतर्गत अहवाल प्रसिद्धीस आला. २०१४ पासून निकृष्ट दारूगोळ्यामुळे सुमारे ९६० कोटी रुपये वाया गेले, असा त्यात आक्षेप होता. आयुधनिर्माणी मंडळाने तो फेटाळला. आकड्यांचा वाद काहीही असो, सैनिकाला स्वतःच्या तोफगोळ्याविषयी शंका घ्यावी लागणे, हाच कोणत्याही राष्ट्राचा पराभव आहे.

हा विषय विदर्भाला परका नाही. नागपूर-भंडारा महामार्गावरील शहापूर आणि त्याच्या पंचक्रोशीने जवाहरनगरची आयुधनिर्माणी अनेक दशके अंगाखांद्यावर वागवली आहे. येथे पिस्तुले नव्हे, तर स्फोटके आणि प्रणोदके तयार होतात. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी तेथील एका विभागात स्फोट होऊन छत कोसळले आणि आठ कामगारांचा बळी गेला. या दुर्घटनेची गल्लत रिव्हॉल्व्हरच्या गंजाशी करणे अन्यायाचे ठरेल. परंतु गुणवत्तेची शिस्त ही केवळ अंतिम ग्राहकाच्या सोयीसाठी नसते, ती सर्वप्रथम कारखान्यातील कामगाराचे कवच असते, हे त्या आठ चितांनी पुन्हा सांगितले. म्हणून या चर्चेत कामगाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. संख्येचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत सदोष माल बाजूला काढणारा कामगार शाबासकीला पात्र ठरतो की रोषाला, यावरच त्या कारखान्याची गुणवत्ता ठरते.

हा विचार आयात केलेला नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यांवरील दारूगोळ्याची व्यवस्था सांगितली आहे. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, दारूची मडकी बाहेर काढवून उन्हे द्यावी आणि मग पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असा तो दंडक आहे. त्यातील क्रम पाहण्यासारखा आहे. मुद्रा आहे, पण ती पाहणीनंतर. जबाबदार अधिकारी कोण, तेही निश्चित आहे आणि किती दिवसांनी, तेही. आधुनिक गुणनियंत्रणाच्या जाडजूड पुस्तकांत याहून मूलभूत असे काय सांगितलेले असते?

काही मंडळी यावर सोपा उपाय सुचवतात, आपले सोडा आणि परदेशी घ्या. हा उपाय आत्मघातकी आहे. ऐन संकटात सुटे भाग अडवून धरणाऱ्या पुरवठादारापुढे हात पसरणारे राष्ट्र सार्वभौम राहत नाही. पण स्वदेशी म्हणजे निकृष्टाला पदराखाली घालणे नव्हे. स्वदेशीच्या नावावर गंजलेला माल खपवणारा माणूस परदेशी दलालाइतकाच स्वदेशीचा घात करतो, कारण तो आपल्याच बांधवांचा विश्वास मारतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी खासगी उत्पादकांना वाट मोकळी केली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले, जवाहरनगरचा कारखाना पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे आला. पुण्याच्या संशोधन संस्थेच्या सहभागातून ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल साकारले. ही पावले योग्य दिशेने आहेत. मात्र पाटी बदलल्याने हात बदलत नाहीत.

पुढची पावले अवघड नाहीत. तपासणी यंत्रणा उत्पादकाच्या प्रभावातून पूर्णतः मुक्त असावी. प्रत्येक शस्त्रासोबत त्याची अंतिम पाहणी करणाऱ्याची सही आणि तारीख असावी. परत आलेल्या प्रत्येक शस्त्राची नोंद कारखान्याच्या ज्या विभागातून ते गेले, तिथपर्यंत पोहोचावी. ग्राहकानेही पेटी दुकानातच उघडून, नळीतून उजेडाकडे पाहून, क्रमांक ताडून मगच पावतीवर सही करावी आणि दोष दिसल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घ्यावा. सरकारी माल आहे, चालायचेच, ही वृत्तीही एक प्रकारचा गंजच आहे.

भंडारा हे पितळेचे शहर म्हणून ओळखले जाते. ठोका चुकला तर भांडे पुन्हा आगीत घालायचे, ते गिऱ्हाइकाच्या माथी मारायचे नाही, हा येथील कारागिराचा धर्म. शहापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी पदवीबरोबर हा धर्मही उचलला, तर आयुधनिर्माणीच्या भिंतींआड आणि बाहेरही बरेच काही उजळेल. कारण राष्ट्राचे सामर्थ्य शस्त्रांच्या संख्येत जेवढे असते, त्याहून अधिक ते शिक्का मारण्यापूर्वी थबकणाऱ्या हातात असते.