सदनिकेतील एरियल

लघुलहरींवर दूरदेशीची केंद्रे ऐकण्यासाठी पूर्वी अंगणात लांब तार ताणीत असत. सदनिकेला अंगण नसते. भिंतींतील लोखंडी गज लहरींना अडवितात, आणि एलईडी दिव्यांची व चार्जरची खरखर मात्र घरभर पसरते. अशा ठिकाणी तार जितकी लांब तितकी उत्तम, हे मत आम्हांस मान्य नाही. घरातच फिरविलेली लांब तार खरखरही तितक्याच उत्साहाने वेचते. त्यापेक्षा सुमारे १ मीटर व्यासाचे, कंडेन्सरने जुळविलेले तारेचे कडे खिडकीपाशी उभे करावे. ते हळूहळू फिरविले की पुष्कळदा खरखर क्षीण होते, आणि ३१ मीटरच्या पट्ट्यावरील मंद स्वर स्पष्ट उमटतो. एरियलची निवड करताना मोठ्या आवाजाला भुलू नये. स्वच्छ आवाज हीच खरी कसोटी होय.