नववीचे गुण आणि पुढचा दरवाजा

भोकरदनच्या मोहल्ल्यांत नववीचा निकाल आला की घरात दोनच मतं ऐकू येतात: ‘दहावीला बघू’ किंवा ‘याच्याकडून इंजिनिअरिंग होणार नाही’. दोन्ही चुकीची आहेत.

नववीचे गुण प्रवेशात धरले जातात का? एरवी नाही. अपवाद २०२१ चा. कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि मंडळाने शंभरातले ५० गुण नववीच्या निकालावरून दिले. अकरावीसाठीची सीईटीही मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. नववी हसण्यावारी नेलेल्यांना सुधारायची संधीच मिळाली नाही.

एरवीचा हिशेब असा. अकरावी आणि पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या गुणांवर. इंजिनिअरिंगचा एमएचटी-सीईटीवर, तिथे सुमारे २० टक्के भाग अकरावीचा, बाकी बारावीचा. आयआयटीला जेईई ॲडव्हान्स्डच्या रँकसोबत खुल्या आणि ओबीसी गटाला बारावीत ७५ टक्के हवेत, किंवा मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव.

म्हणजे नववीत गुण कमी पडले म्हणून दार बंद होत नाही. पण नववीचं बीजगणित कच्चं राहिलं, तर अकरावीचं गणित डोक्यावरून जातं. मग क्लाससाठी संभाजीनगरला राहणं प्रत्येक घराला, विशेषतः मुलींना, जमत नाही.

म्हणून नोकरीला लागलेल्या आपण सगळ्यांनी गावी आल्यावर दोन तास द्यावेत. भाषण नको. नववीच्या पोरांसोबत बसून गणितं सोडवू या.