परिचारिकेला विधानसभेची वाट कुठून?

राजाजीनगर हा बंगळूरमधील औद्योगिक वसाहतीतून वाढलेला मतदारसंघ. कामगारांसाठी उभे राहिलेले कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे रुग्णालय ही त्याची जुनी ओळख. आता त्याला वैद्यकीय महाविद्यालयही जोडलेले आहे. मे २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत येथे भाजपचे माजी शिक्षणमंत्री एस. सुरेशकुमार यांच्यासमोर काँग्रेसने पुट्टण्णा यांना उभे केले. पुट्टण्णा हे २०२० मध्ये भाजपतर्फे बंगळूर शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर गेलेले. निवडणुकीच्या तोंडावर आमदारकीचा राजीनामा देऊन ते काँग्रेसवासी झाले. राजाजीनगरने त्यांना नाकारले. फेब्रुवारी २०२४ च्या पोटनिवडणुकीत मात्र त्यांनीच रिकाम्या केलेल्या शिक्षकांच्या जागेवर, या खेपेस काँग्रेसतर्फे, ते पुन्हा निवडून आले.

शिक्षकांच्या बळावर राजकारण करणाऱ्यास हरल्यावर परतायला घर असते, असा याचा अर्थ. डॉक्टरांचेही अडत नाही. शेजारच्या मल्लेश्वरमचे अनेक वर्षांचे आमदार डॉ. अश्वत्थनारायण हे वैद्यकीय पदवीधर. सीमाभागात खानापूरचे प्रतिनिधित्व २०१८ ते २०२३ या काळात डॉ. अंजली निंबाळकर यांनी केले. रुग्णाच्या उशाशी सर्वाधिक वेळ उभी असणारी परिचारिका मात्र उमेदवारांच्या यादीत शोधावी लागते.

याचे कारण तिच्या अंगच्या गुणांत नाही, नियमांत आहे. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाने विधान परिषदेच्या एक-द्वादशांश जागा शिक्षकांना आणि तितक्याच पदवीधरांना दिल्या. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात या दोन्ही वर्गांच्या प्रत्येकी सात जागा आहेत. शिक्षक मतदारसंघाचा उमेदवार स्वतः शिक्षक असण्याची अटही नाही. मते शिक्षकांची असली की पुरे. परिचारिकांसाठी असा मतदारसंघ नाही. ज्यांनी पदवीऐवजी तीन वर्षांची पदविका घेतली, त्यांना पदवीधरांच्या यादीत शिरायलाही समकक्षतेचा अडसर आहे. उरते ते राज्यपालनियुक्त सदस्यत्व. त्यात समाजसेवेचा उल्लेख आहे खरा. पण त्या रकान्यात पक्षाचीच सेवा किती वेळा मोजली जाते, हे मंत्रालयात वा विधानसौधात बसणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरा अडसर वाचकांपैकी अनेकांच्या नित्य परिचयाचा आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील पाचवा नियम कर्मचाऱ्यास पक्षाचे सदस्य होण्यास व निवडणुकीत भाग घेण्यास मनाई करतो. राज्यांचे नियमही त्याच वळणाचे. डॉक्टर खासगी दवाखाना चालवतो. तोच त्याचे कार्यालय, तोच जनसंपर्क. सरकारी परिचारिकेने उभे राहायचे तर आधी राजीनामा, मग प्रचार. पराभव झाला तर पगारही गेला आणि निवृत्तिवेतनही धोक्यात. घर तिच्या पगारावर चालत असेल, तर हा जुगार ती का खेळेल?

याच अडसराची अमेरिकेतील कहाणी बोलकी आहे. एडी बर्निस जॉन्सन या डॅलसच्या माजी सैनिक रुग्णालयात मनोरुग्ण विभागाच्या मुख्य परिचारिका होत्या. त्या पदावर पोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय. संघराज्य सरकारच्या नोकरांना पक्षीय निवडणूक लढवण्यास तेथेही बंदी. डॅलसमधील नामांकित दुकानाचे मालक स्टॅन्ली मार्कस यांनी आपल्याकडे नोकरी देऊ केली, तेव्हा त्यांना रुग्णालय सोडता आले. १९७२ मध्ये त्या टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात निवडून आल्या आणि तेथील कामगार समितीच्या अध्यक्ष झाल्या. १९८६ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये आणि १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये पोचलेल्या त्या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका. जानेवारी २०२३ पर्यंत तेथे होत्या. इतक्या कर्तबगार स्त्रीलाही पहिल्या पायरीसाठी धनिकाचा आधार लागला, ही गोष्ट दृष्टीआड करण्याजोगी नाही.

ब्रिटनची रीत निराळी. बंगळूरमध्ये परिचर्येचे शिक्षण घेतलेले केरळचे सोजन जोसेफ तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत काम करत असतानाच स्थानिक नगरसेवक झाले आणि जुलै २०२४ मध्ये ॲशफर्डमधून मजूर पक्षाचे खासदार. त्या सेवेतील परिचारकाला नगरसेवकपदासाठी नोकरीवर पाणी सोडावे लागत नाही. ज्या शहराने त्यांना घडवले, तेथील सरकारी रुग्णालयात ते राहिले असते तर ही वाट त्यांना बंद होती.

मराठी मुलुखातील सर्वांत जवळचे उदाहरण किशोरी पेडणेकर यांचे. जवाहरलाल नेहरू बंदरात परिचारिका म्हणून नोकरी केलेल्या पेडणेकर शिवसेनेच्या कामातून मुंबईच्या नगरसेविका झाल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौर. एप्रिल २०२० मध्ये त्या परिचारिकेचा गणवेश चढवून नायर रुग्णालयात गेल्या. टीकाकारांनी त्याला देखावा म्हटले. तो थोडा असेलही. पण त्या वेशात जाण्याचा अधिकार असलेला दुसरा महापौर चटकन आठवत नाही. हा प्रवास महापालिकेपर्यंतचा, विधानसभेपर्यंतचा नव्हे, आणि हा फरक आकस्मिक नाही. पालिकेत स्त्रियांसाठी राखीव जागा होत्या, विधानसभेत नव्हत्या.

प्रतिनिधी नसल्याची किंमत दिसते ती धोरणात. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांना बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात संपावर जावे लागले. सभागृहात आपला माणूस असता तर हा विषय आधी तारांकित प्रश्न म्हणून आला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. शिक्षण, नोंदणी, दर्जा, सारे त्यात आले; पण परिचर्येचा अनुभव असलेला आवाज निवडून येण्याची सोय कुठल्याच कायद्यात नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखणारी घटनादुरुस्ती संमत झाली. तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेली. त्या जागांवर नेत्यांच्या लेकी-सुना येणार, हा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. वर्तणूक नियमांत विनावेतन निवडणूक रजेची आणि पराभवानंतर सेवेत परतण्याची सोय झाली, तर राजाजीनगरच्या रुग्णालयातील एखादी परिचारिका निदान अर्ज भरण्याचा विचार करील. तूर्त तिच्यासमोर राजीनामा किंवा साठीनंतरची निवृत्ती, एवढेच पर्याय आहेत.